लंकेच्या आधी उत्रोली

भोरच्या स्टँडवरून वेल्ह्याची गाडी उशिरा सुटली की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "कंट्रोलर असते तर हिची हिंमत झाली असती का?" वास्तविक हे आमचे एसटीचे कंट्रोलर रिटायर होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि आता तर त्यांना जाऊनही वर्ष होत आलं. पण आपल्यावर ओरडणारं कुणी उरलं नाही हे गाड्यांना कळलंय आणि म्हणून त्या माजल्यात, असं माझ्या शेजारच्या हॉटेलवाल्याचं ठाम मत आहे.

त्यांचं खरं नाव सुदाम गायकवाड. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्याच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर, आणि क्षणभर मनात आलं, हे गायकवाड कोण बुवा गेले? मग फोटो पाहिला. फोटोतही गळ्यात शिट्टी होती.

माझं औषधांचं दुकान स्टँडच्या समोर आहे. त्यामुळे कंट्रोलर मला वर्षानुवर्षं दिसत आणि त्याहून जास्त ऐकू येत. बुटका, ताठ माणूस. मिशी अशी कातरलेली, की फूटपट्टी लावून कातरली असावी. पायात काळे बूट, त्यात समोरच्याला आपलं तोंड दिसावं इतकं पॉलिश. माणसाला नावानं हाक मारणं त्यांना वेळेची नासाडी वाटे. मी 'मेडिकल'. हॉटेलवाला 'हॉटेल'. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्या 'दात'. "मेडिकल, ॲसिडिटीची गोळी द्या. आनि त्या दातला सांगा, तिची स्कूटर फलाटावर लागलीय. हवा सोडीन." बायकोला ते काय म्हणत हे मला माहीत नाही. बहुतेक 'घर' म्हणत असावेत.

गाडी कुणासाठी थांबत नाही, हा त्यांचा एकच धर्म होता. बुद्ध दुसऱ्या नंबरवर. एकदा त्यांची बायको माहेरी विंझरला निघाली. पिशवी आधीच गाडीत ठेवली आणि पोरासाठी बिस्किटांचा पुडा घ्यायला हॉटेलात गेली. वेळ झाली. कंट्रोलरांनी शिट्टी मारली. गाडी पिशवी घेऊन विंझरला गेली आणि बायको पुडा घेऊन फलाटावर उभी राहिली. सगळा स्टँड बघत होता. ती काही बोलायच्या आत कंट्रोलर म्हणाले, "पिशवी येळंवर आली हुती. तू न्हाई." त्या माउलीनं तो पुडा तिथंच फोडला आणि शांतपणे सगळा एकटीनं खाल्ला. पुढं तीन-चार दिवस कंट्रोलर दुपारचं जेवण हॉटेलात करत होते.

असा माणूस रिटायर झाल्यावर घरच्यांचं काय करील, याची त्यांच्या उत्रोली गावात सगळ्यांनाच काळजी होती. पण पुण्याच्या कुठल्याशा मंडळाबरोबर ते श्रीलंकेला गेले आणि घरचे वाचले. परत आले ते थेट माझ्या काउंटरवर. चेहरा असा, की कुणीतरी खिसा कापला असावा.

"अब्रू गेली, मेडिकल."

"कुणाची?"

"देशाची. आपल्यातलाच एक जन. बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ केली, वट्ट्याला रेलला, दोन बोटं वर केली आनि फोटू काढाय लागला. तितं मूर्तीकडं पाठ करून फोटू काढत न्हाईत, लई वाईट मानत्यात. तितला राखनदार पळत आला. आनि त्येच्याकडंबी शिट्टी हुती, मेडिकल!"

खरं दुःख हे होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांवर शिट्ट्या मारल्या, आणि परमुलखात एका परक्या माणसाची शिट्टी आपल्या माणसावर वाजली. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की यापुढे भोर आणि वेल्हे तालुक्यातून लंकेला जो जाईल तो आपल्याबरोबर जाईल आणि तालीम केल्याशिवाय जाणार नाही. "लंकेच्या आधी उत्रोली," असं ते येईल त्याला बजावू लागले.

ही तालीम मी पाहिली, केली आणि दोनदा नापास झालो. बायकोला विमानात बसायचं होतं आणि मला तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही नाव दिलं होतं. बाकी बहुतेक माणसं उत्रोलीची, भोरची, विंझरची बौद्ध कुटुंबं. रविवारी सकाळी कंट्रोलरांच्या अंगणात सगळे जमायचे. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला म्हैस, आणि मधे स्टुलावर उपडा घातलेला पितळी हंडा. हा हंडा म्हणजे बुद्धमूर्ती. खरी मूर्ती तालमीला वापरायची नाही, चुका खऱ्या मूर्तीपुढं करायच्या नसतात, असा नियम होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे!" कंट्रोलर स्टँडवरच्याच आवाजात सुरू करत. "देवळात शिरताना टोपी काढायची, चपला-बूट काढायचे. गुडघे आनि खांदे झाकलेले पायजेत. हंड्याकडं पाठ करून फोटू न्हाई. बसताना पाय हंड्याकडं करायचे न्हाईत, एका बाजूला दुमडून बसायचं. कुनाच्या डोक्याला हात लावायचा न्हाई, पोराच्याबी. भन्ते बसलेले असतील तर आपन त्यांच्यापरीस खाली बसायचं. बायांनी भन्तेंच्या अंगाला हात लागू द्यायचा न्हाई. काय द्यायचं असंल तर दोन्ही हातांनी, वाकून. फूल वाहायचं, पन त्येचा वास घ्यायचा न्हाई."

"हे आमच्यातबी हाय," माझी बायको म्हणाली. "हुंगलेलं फूल देवाला चालत नाही."

शिट्टी वाजली. "मधी बोलायचं न्हाई."

मग एकेकानं हंड्यासमोरून चालून दाखवायचं. हंड्याकडं पाठ नको म्हणून मागं सरकत बाहेर पडताना मी म्हशीवर जाऊन आदळलो, ते माझं पहिलं नापास होणं. दुसऱ्या वेळीही तीच म्हैस. भोरच्या एका तरण्या पोरानं हौसेनं दंडावर बुद्धाचा चेहरा गोंदवून घेतला होता. कंट्रोलरांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. लंकेत अशा गोंदणावरून माणसाला विमानतळावरूनच परत धाडतात म्हणे. "तुजी सगळी भक्ती बाहीच्या आत ठिव," त्यांनी त्याला सांगितलं. "फुल बाही. उकडलं तर उकडू दे." आणि पाठ करून फोटो काढायचा नाही म्हटल्यावर सगळ्यांनी हंड्याकडं तोंड करून फोटो काढायचा सराव केला. त्यामुळे आमच्या सहलीच्या तालमीच्या फोटोत नुसत्या पाठी आहेत. कोण कुठला, हे टकलावरून ओळखावं लागतं.

भन्ते म्हणून त्यांनी बसवलं होतं बाळासाहेबांना. हे पासलीच्या पाटलांच्या घरचे. पासली म्हणजे तिकडं वेल्ह्याच्या डोंगरात. एवढ्या लांबून हे बौद्धांच्या सहलीला कसे आले, तर त्यांना रावणाची लंका बघायची होती, आणि कंट्रोलर नेतायत म्हटल्यावर चुकामूक होणार नाही, अशी खात्री होती. बाळासाहेब नुकतेच आईच्या नवसासाठी तिरुपतीला जाऊन डोकं भादरून आले होते. तयार टकलू कंट्रोलर कसला सोडतायत. त्यांना पिवळी चादर गुंडाळली आणि अंगणातल्या एकमेव खुर्चीवर बसवलं. आम्ही सगळे खाली, चटईवर. बायका वाकून त्यांच्यापुढं केळ्यांचं ताट ठेवत होत्या आणि बाळासाहेब गंभीर चेहऱ्यानं केळी खात होते.

कंट्रोलरांची आई हे सगळं ओट्यावरून बघत होती. भागाबाई. वय विचारलं तर "मोप हाय" म्हणायची. पाठीतून वाकलेली, पण पायात टाचेला लोखंडी नाल मारलेली जाड चामड्याची पायताणं. ती चालली की फरशीवर घोडा आल्यासारखं वाटायचं. या बाईला कुणी कधी अनवाणी पाहिलं नव्हतं. घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढंसुद्धा ती पायताणं घालूनच हात जोडायची. "त्यो कवा म्हनला न्हाई काढ म्हनून," असं तिचं उत्तर.

ती ओट्यावरून खाली आली. खाड, खाड, खाड. शिट्टी मारायची कंट्रोलरांची छाती झाली नाही.

"म्हंजी हितंबी शिवाशिवच का रं?" तिनं लेकाला विचारलं. "हात लावू नगा, खाली बसा, पायतानं काढा. ह्येच्यासाटी इमानात बसून जायचं व्हय? ह्ये तर आमाला पासलीत फुकाट हुतं."

"आई, तसं न्हाई. त्यो मान असतो."

"मान!" भागाबाई हसली. "मानाच्याच नावानं काढाय लावलं हुतं की. मानाची जागा हाय, पायतान काढ." मग तिनं खुर्चीकडं मान वळवली. "आनि उंचावर बसवलाय कुनाला? त्येच घर!"

बाळासाहेबांच्या तोंडात अर्धं केळं होतं. ते गिळावं की काढावं, हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात म्हैस ओरडली.

त्यामागची गोष्ट कंट्रोलरांनी मला दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितली, ॲसिडिटीची गोळी चघळत. भागाबाईचं माहेर पासलीचं. पोर असताना बापानं तिला जत्रेतून पायताणं आणली, जन्मातली पहिली. ती घालून पोर मिरवत निघाली आणि पाटलाच्या दारासमोरून गेली. म्हातारा पाटील, म्हणजे बाळासाहेबांचे आजोबा, ओट्यावर बसला होता. त्यानं तिला पायताणं काढून डोक्यावर घ्यायला लावली आणि तशी सगळ्या आळीतून चालवली. लग्न होऊन उत्रोलीला आली, नवऱ्यानं धम्म घेतला, त्या दिवसापासून तिनं पायताण काढलं नाही. दरवर्षी जत्रेला पासलीला जायची आणि त्याच दारावरून खाड खाड वाजवत दोन फेऱ्या मारायची. आता तो काळ राहिला नव्हता. बाळासाहेबांची बायको तिला "आत्या, च्या घ्या" म्हणून हाक मारायची. गावची लेक म्हणजे सगळ्या गावाची आत्या. भागाबाई ओट्यावर बसून चहा प्यायची, पायताणांसकट. पण त्या घरातल्या कुणी 'आत्या' म्हटलेल्या हाकेला तिनं कधी ओ दिली नव्हती.

"मेडिकल, मला दुसरं काय नको," कंट्रोलर म्हणाले. "माज्या बापाला लंकेतल्या त्या बोधिवृक्षाचं लई हुतं. त्यो गेला तसाच. आईनं एकदा त्या झाडाखाली बसावं. पन ती दारातनं माघारी फिरली तर म्या तिला काय सांगू? नियम सांगू? नियम तिला माज्यापरीस जास्त पाठ हायत."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज फलाटावरचा नव्हता. मी आणखी एक गोळी दिली.

भागाबाईनंच आपणहून सांगितलं, येते म्हणून. "पन पायतानं काढायची का न्हाईत त्ये तितं गेल्यावर ठरवीन." कंट्रोलरांनी ते मान्य केलं. करतात काय?

लंकेत आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत उतरलो. लग्नाचं वऱ्हाड म्हणावं की निवडणुकीचे उमेदवार, अशी आमची शोभा होती. बाळासाहेबांनी कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा आणि खाली लेकानं दिलेले नवे कोरे, भगभगीत पोपटी स्पोर्ट शूज घातले होते. कंट्रोलरांनी शिट्टी खिशात टाकली. पवित्र जागी वाजवायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाच घातला होता. हात मात्र सारखा खिशाकडं जायचा, तंबाखू सोडलेल्या माणसाचा जातो तसा.

अनुराधापूरला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आत बोधिवृक्ष, गयेच्या मूळ झाडाच्या फांदीपासून वाढलेला. फाटकाशी चपला ठेवायची मांडणी, आणि तिथून पुढं सगळा रस्ता अनवाणी. पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं, हातात कमळं, पण आवाज नाही. आपल्याकडं एवढी माणसं जमली म्हणजे निदान एक तरी लाउडस्पीकर लागतो.

भागाबाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली. पायताणं पायात.

"तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "म्या बघते जरा."

आमचा तिथला वाटाड्या घाई करत होता. पूजेची वेळ झाली होती, नंतर गर्दी वाढेल, पुढच्या मुक्कामाला गाडी वेळेवर निघायला हवी, असं तो इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होता. आम्ही सगळे कंट्रोलरांच्या तोंडाकडं पाहू लागलो. आता शिट्टी निघणार, आणि विंझरच्या वेळी बायको राहिली तशी भागाबाई मागं राहणार, असंच मला वाटलं.

कंट्रोलर आईशेजारी कट्ट्यावर बसले.

"गाडी थांबंल," ते म्हणाले.

माझ्या हातातली इलेक्ट्रालची पाकिटं खाली पडली. भोर तालुक्यातल्या कुठल्याही जिवंत माणसानं हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. माझी बायको मला म्हणाली, "यांना ऊन लागलं का हो?"

बाकीची मंडळी आत गेली. मी औषधांच्या पिशवीसकट मागं राहिलो, कारण कुणाला काही झालं तर मेडिकल तिथं पाहिजे, असं मी बायकोला सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं. बाळासाहेबही मागं राहिले होते. पोपटी बुटांची नाडी सोडायला वाकायचे आणि भागाबाईकडं नजर गेली की परत सरळ व्हायचे.

ती एकटक मांडणीकडं बघत होती. कोण येतं, काय काढतं. एक पोटुशी बाई आली, तिनं सपाता काढल्या. गाडीतून एक साहेब उतरला, मागं छत्री धरायला माणूस. साहेबानं वाकून आपले बूट आपणच काढले आणि छत्रीवाल्याच्या सपातांशेजारी ठेवले. मग एक म्हातारे भन्ते आले. त्यांनीही चपला काढल्या, त्याच मांडणीत, त्याच रांगेत.

"ह्येबी काढतो?" भागाबाईनं विचारलं.

"व्हय आई. आत कुनीच घालून जात न्हाई."

"आनि पाटील?"

आता सगळ्या जगाचं लक्ष पोपटी बुटांवर आलं. बाळासाहेबांनी एकदा कंट्रोलरांकडं पाहिलं. बाळासाहेब खाली वाकले, एक बूट काढला, दुसरा काढला.

"मोजंबी," भागाबाई म्हणाली.

मोजे चालतात असं वाटाड्यानं आधीच सांगितलं होतं. उन्हात दगड पोळतात, म्हणून पुष्कळ जण मोजे ठेवतात. कंट्रोलरांनाही ते ठाऊक होतं. नियम सांगायची एवढी नामी संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नसती. ती त्यांनी सोडली.

बाळासाहेबांनी मोजे काढले आणि फरशीवर पाय टेकवला. दगड असा तापलेला, की त्यावर भाकरी भाजावी. पासलीच्या पाटलांचा नातू झब्बा सावरत एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला. "आई गं! आई आई!"

भागाबाई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग खाली वाकली आणि दोन्ही पायताणं तिनं आपल्या हातानं काढली.

बाळासाहेब नाचत नाचतच पुढं आले. "आत्या, आना हिकडं. ठिवतो."

तिनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पायताणं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली, पांढऱ्या इस्त्रीच्या झब्ब्यावर, आणि मांडणीपर्यंत नेली. चार पावलांचं अंतर असेल. तेवढ्यात ती मागून म्हणाली, "नीट ठिव रं, भाच्या. जोड मोडू नगंस."

कंट्रोलर भिंतीकडं तोंड करून उभे होते. खिशातली शिट्टी काढून ती रुमालानं पुसत होते. रुमाल मधेच डोळ्यांकडं गेला, तेव्हा मी पाकिटं गोळा करायला खाली वाकलो.

आत झाडाभोवती सगळे पाय दुमडून बसले होते. आमची मंडळी तर अगदी पहिल्या नंबरात पास. एकाही माणसाचं पाऊल झाडाकडं नव्हतं, गोंदणवाला पोरगा फुल बाहीत घामानं निथळत होता. भागाबाई आली, झाडाकडं तिनं नीट मान वर करून पाहिलं, आणि मग "आई गं" म्हणत खाली बसली. बसली ती दोन्ही पाय सरळ लांब करून. तळवे थेट बोधिवृक्षाकडं. भेगाळलेले तळवे, जन्मभर चामड्याच्या आत राहिलेले, आज मोकळे. गुडघे दुमडायचं तिचं वयच राहिलं नव्हतं.

आजूबाजूच्या दोन-चार बायांनी वळून पाहिलं. लांबून एक राखणदार निघाला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती, ती मला आधी दिसली. कंट्रोलरांना तर त्याहून आधी दिसली असणार.

ते उठले. मला वाटलं, आता आईला पाय दुमडायला सांगतील. ते तिच्या पायांपुढं गेले आणि झाड आणि तिचे तळवे यांच्या बरोबर मधे बसले. तोंड झाडाकडं, हात जोडलेले, पाय नियमाप्रमाणे एका बाजूला. आईचे दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला टेकले.

आता तिचे पाय झाडाकडं नव्हते. लेकाकडं होते. राखणदार थांबला, क्षणभर पाहत राहिला आणि शिट्टी न मारता परत गेला.

"सरक की," भागाबाई म्हणाली. "झाड दिसंना."

कंट्रोलर अर्धी वीत डावीकडं सरकले. तळवे पाठीवरच होते. पांढऱ्या शर्टावर दोन पावलं धुळीनं उमटली, आणि तो शर्ट त्यांनी पुढच्या मुक्कामाला बदलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या बायकोनं कुरकुर केली, तेव्हा "ऱ्हाऊ दे, घर," म्हणाले. बायकोला ते खरंच 'घर' म्हणत होते.

रावणाची लंका काही आम्हाला दिसली नाही. बाळासाहेबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या तळपायांना फोड आले होते आणि मी परतीच्या प्रवासभर त्यांना मलम पुरवत होतो.

मी कंट्रोलरांना शेवटचं पाहिलं ते माझ्या काउंटरवरून. त्यानंतरच्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं त्या दुपारी वेल्ह्याची गाडी फलाटाला लागली होती. ड्रायव्हर नवा, तरणा. त्यानं इंजिन चालू केलं, कंडक्टरनं डबल बेल दिली, आणि गाडी हलणार तेवढ्यात एक बुटका माणूस दोन्ही हात पसरून बसच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. काळे पॉलिशचे बूट, गळ्यात शिट्टी.

"ओ काका, सरका! टाइम झालाय!" ड्रायव्हर ओरडला.

"झालाय. मला ठाऊक हाय."

"मग?"

"आई येतीय."

हॉटेलवाला किटली हातात धरून बाहेर आला. दातांच्या डॉक्टरीणबाई गॅलरीत आल्या. स्टँडच्या फाटकातून भागाबाई येत होती. पासलीला जत्रेला निघाली होती, काखेत बोचकं. खाड, खाड, खाड. घाई नाही, काही नाही. मधेच थांबून तिनं एका कुत्र्याला हाडहूड केलं, पायताणात गेलेला खडा झटकला, आणि पुन्हा चालू लागली. ड्रायव्हरनं हॉर्नवर तळहात दाबून धरला. कंट्रोलर तसूभर हलले नाहीत.

भागाबाई गाडीच्या दाराशी पोचली. पायरीवर एक पायताण वाजलं, दुसरं वाजलं. मग तिनं दांड्याला धरून मान बाहेर काढली आणि लेकाला दरडावलं, "गाडीला उशीर करतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

कंट्रोलर बाजूला झाले. शिट्टी तोंडात धरली आणि लंकेत इतके दिवस खिशात दाबून ठेवलेली सगळी शिट्टी त्यांनी त्या वेल्ह्याच्या गाडीवर काढली.